यथावकाश

"हे तुम्हीच वाचा, बाई," मुख्याधिकारी म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "मी वाचलं तर लोक खुर्च्या उचलतील. तुम्ही त्यांच्यातल्याच आहात."

ती अजून उभीच होती. साहेबांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला तेव्हा ती काठावर टेकली.

कागद तिच्या ओळखीचा होता. टाईप तिनंच केला होता. प्रदेश कार्यालयाकडून हवामान बदलाचं धोरण आलं होतं आणि त्याला नगरपरिषदेनं द्यायचं हे उत्तर. धोरणाबरोबर नकाशे होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाचे दोन वाटे केलेले: निळा भाग राखायचा, करडा सोडायचा. 'सोडायचा' असं अर्थात कुठं लिहिलं नव्हतं. 'नियोजित माघार' असं लिहिलं होतं. बाजार, दवाखाना, शाळा आणि टेकाडावरची वस्ती निळ्यात होती. खालची आळी करड्यात. खालच्या आळीत तिचं घर होतं.

सभागृहानं धोरण मान्य करून टाकलं होतं. प्रदेशाकडून समुद्राला एकच भिंत मिळणार होती आणि ती बाजाराच्या अंगानं वळणार होती. ती आळीकडं वळवा असं म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर तीही गेली असती. मतदानाच्या वेळी खालच्या आळीच्या नगरसेवकानंही हात वर केला होता, पण अर्धाच, कान खाजवल्यासारखा. तोही तिनं मतांत धरला होता. धरावाच लागला.

आता उरली होती जाहीर सुनावणी. लोकांना उत्तर वाचून दाखवायचं, हरकती ऐकून घ्यायच्या, चहा द्यायचा. शेवटच्या परिच्छेदात आळीविषयी एक वाक्य होतं: 'खालच्या आळीच्या संरक्षक भिंतीबाबत निधीच्या उपलब्धतेनुसार यथावकाश विचार करण्यात येईल.'

"साहेब, भिंत होणार नाहीये ना?" तिनं विचारलं.

"आत्ता तरी नाही."

"आणि नंतर?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. आधीच्या दोघांसारखा फाईल फेकून बोलायचा नाही, शिपायालाही अहोजाहो करायचा. "बाई, एकदम सांगितलं तर लोक हाय खातील. घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही. आजारी, म्हातारी माणसं आहेत. हळूहळू कळू दे त्यांना. आपण कशाला वाईट व्हायचं? पाणी सांगेलच की."

ती कागद घेऊन बाहेर आली.

कचेरीत तिला सगळे इतिवृत्तबाई म्हणत. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, हे तिचं काम. तरुणपणी लागली तेव्हापासून तेच. आवाज एकसुरी, ना चढ ना उतार. एक म्हातारे नगरसेवक म्हणायचे, बाईंचा आवाज म्हणजे झोपेची गोळी आहे, फक्त चिठ्ठीशिवाय मिळते. ती हसायची. वाचणाऱ्यानं मध्ये यायचं नाही, हे तिला पहिल्याच साहेबांनी शिकवलं होतं आणि ते तिनं इतकं मनावर घेतलं, की घरी पाहुणे आले तरी ती दाराआडूनच बोलायची.

'यथावकाश' हा शब्द तिनं किती वेळा वाचला असेल याची गणती नव्हती. बसस्थानकाला छप्पर यथावकाश होणार होतं. आळीत दवाखान्याची शाखा यथावकाश निघणार होती. मागणारे यथावकाश मरून गेले. तिच्या लग्नाचं घरात निघालं की तिचे वडीलही म्हणायचे, होईल की, घाई काय आहे. त्यांना तो कचेरीतला शब्द ठाऊक नव्हता, एवढंच.

त्या संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा उधाणाची भरती होती. उतार संपला तिथपासून पाणी सुरू झालं. खोल नव्हतं, घोट्याएवढंच. गटारांतून उलटं वर येऊन गल्लीत पसरलेलं. सायकली हळू चालल्या होत्या. लोकांनी दारात फळ्या टाकल्या होत्या आणि फळीवरून फळीवर पाय टाकत गप्पा मारणं चाललं होतं. आळीला सवय झाली होती. सवय होते, हीच मोठी वाईट गोष्ट होती.

शेजारच्या दारात शिवणबाई मशीन उंच बाकावर ठेवून बसली होती. दोघी एका बाकावर बसून शाळा शिकलेल्या. नवरा गेल्यावर शिवणबाईनं मशीनवर मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, आता नातवाची झबली शिवत होती. तिच्या दाराशी, भिंतीला लावून, नव्या विटांचा ढीग रचलेला होता.

"आल्या का विटा?" इतिवृत्तबाईनं विचारलं.

"आल्या. सिमेंट तीन-चार दिवसांत येतंय. गवंडी म्हणतो, आधी खाली खांब जाड करू, मग वर दोन खोल्या. खालच्या मजल्यात पाणी आलं तर येऊ दे मेलं." शिवणबाईनं दातांनी दोरा तोडला. "होतं-नव्हतं ते सगळं घातलंय बघ. पोराची कटकट चालू आहे, म्हणतो गावात भाड्यानं राहू. मी म्हटलं, भिंत होतेय, मग कशाला भाडी भरायची? होतेय ना गं?"

इतिवृत्तबाई पायातल्या चपला हातात घेऊन उभी होती. पाणी गार होतं.

"परवा सुनावणी आहे. तिथं कळेलच."

"ते सगळ्यांना कळेल. मला सांग ना तू."

"मला कुठं काय विचारतात? मी आपली वाचणारी."

शिवणबाई हसली. "ते खरंय. तुझं पोटातलं पोटातच राहतं आणि ओठांवर काहीच येत नाही."

घरात वडील मोरीशी स्टूल टाकून बसले होते. ते सुतार. हात थरथरायला लागल्यावर धंदा सुटला. आता मोरीच्या तोंडावर त्यांनी स्वतः केलेली लाकडी बुची दाबून बसणं हे त्यांचं काम झालं होतं. बुचीला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. पाणी फरशीच्या सांध्यांतूनही येतं हे त्यांना दिसत होतं, पण मोरी आपल्या ताब्यात आहे याचंच समाधान. ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते खिशात ठेवत.

"दादा, वर माळ्यावर झोपा आज," ती कानाशी ओरडून म्हणाली.

"मी उठलो तर हे कोण धरणार?"

तिनं चहा केला आणि त्यांच्या शेजारी पाटावर बसली. परवा वाचायचा कागद पिशवीत होता. तो वाचून बघायची गरजच नव्हती.

सुनावणीला सभागृह भरलं. आळीतली माणसं घरची कामं टाकून आली होती, धुतलेले कपडे घालून, लग्नाला आल्यासारखी. वडीलही आले. नको म्हटलं तरी काठी टेकत आले आणि मागच्या रांगेत न्हाव्याशेजारी बसले. शिवणबाई पुढून तिसऱ्या रांगेत होती, मांडीवर नातू.

साहेबांनी प्रास्ताविक केलं. हवामान सगळीकडेच बदलतंय, हा काही एका गावाचा प्रश्न नाही, प्रदेशानं सखोल विचार करून धोरण आखलंय, वगैरे. मग पडद्यावर नकाशा आला. करड्या भागात लोक आपापली घरं शोधू लागले.

"साहेब, ते नियोजित माघार म्हणजे काय?" न्हाव्यानं उठून विचारलं.

"म्हणजे टप्प्याटप्प्यानं, सन्मानपूर्वक..."

"माघार घ्यायला आधी लढावं लागतं. आमच्यासाठी कोण लढलं, त्याचं नाव सांगा. हार घालतो त्याला."

सभागृह हसलं. साहेबही हसले. खालच्या आळीचा नगरसेवक मोबाईलमध्ये बघत होता. मग साहेबांनी तिला खूण केली.

ती उभी राहिली आणि वाचू लागली. तोच आवाज. विषय क्रमांक, संदर्भ, प्रस्तावना. पंपगृह, पर्जन्यजल वाहिन्या, बाजारालगतची भिंत. लोक सैलावले, कुणी जांभई दिली. तिचं वाचन ऐकताना माणसाला वाटायचं, सगळं ठीक चाललंय. नाहीतर ही बाई इतक्या शांतपणे कशी वाचेल. ती शेवटच्या परिच्छेदावर आली, तेही वाचलं आणि कागद खाली ठेवला.

टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडलेला तिला ऐकू आला. चहाचे कप दाराशी आले होते.

तेवढ्यात शिवणबाई उठली. नातू खांद्यावर झोपला होता म्हणून ती हळूच बोलली.

"ते यथावकाश म्हणजे कधी? मला उद्या सिमेंट घ्यायचंय. पावसाआधी होणार असेल तर तसं सांगा, नाहीतर मी खांब आणखी जाड करते."

साहेब म्हणाले, "निधीच्या उपलब्धतेनुसार, ताई. आपला पाठपुरावा चालू आहे."

"म्हणजे होणार ना?" ती साहेबांकडे बघत नव्हती. इतिवृत्तबाईकडे बघत होती.

आपण खाली बसायचं आहे, हे इतिवृत्तबाईला कळत होतं. वाचून झालं की बसायचं. गुडघे वाकलेही थोडे. पण शिवणबाईच्या बोटांना विटांचा लाल रंग लागलेला होता, नातवाच्या पाठीवर ते हात होते, आणि तो रंग पाहिल्यावर तिला बसता येईना.

"यथावकाश म्हणजे नाही," ती म्हणाली.

"बाई," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "लिहिलंय तेवढंच."

"लिहिलंय त्याचाच अर्थ सांगतेय, साहेब." तिचा आवाज चढला. तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "भिंत बाजाराकडं होणार आहे. आपल्याकडं होणार नाही. आत्ताही नाही, नंतरही नाही. आळी सोडायची असं ठरलंय. सिमेंट घेऊ नकोस तू. कुणीच काही बांधू नका."

एकदम सगळेच बोलायला लागले. नगरसेवकाभोवती माणसं जमली. कुणीतरी खुर्ची आपटली, फेकली मात्र नाही. एक म्हातारी, जी पाणीपट्टीच्या प्रत्येक रांगेत सगळ्यात पुढं असायची, ती इतिवृत्तबाईजवळ येऊन म्हणाली, "तू आमच्यातली ना गं?" आणि उत्तराला न थांबता निघून गेली. शिवणबाई कधी गेली ते दिसलंच नाही.

घरी येईपर्यंत वडील काठी आपटत पुढं चालत राहिले. तिनं भात टाकला, ताटं वाढली. जेवता जेवता ते म्हणाले, "मागच्या रांगेत ऐकू आलं मला."

"यंत्र लावलं होतं?"

"खिशात होतं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "वीटवाला माझ्या ओळखीचा आहे. विटा परत घेईल तो. तिला सांग."

ती सांगायला गेली. शिवणबाईनं दार उघडलं, पण उंबऱ्यावरून बाजूला झाली नाही.

"विटा परत जातील," इतिवृत्तबाई म्हणाली. "दादा बोलतो म्हणालेत."

"आणि मी कुठं जाऊ?"

"पोरगा म्हणतोय तसं गावात..."

"तुला परवाच ठाऊक होतं. दारात उभी होतीस माझ्या. विचारलं तर म्हणालीस, मी आपली वाचणारी."

शिवणबाईनं दार अर्धं ओढून घेतलं.

"आणि आज चारचौघांत सांगितलंस. आता हे घर फुकट घेणार नाही कुणी. बोलायचंच नव्हतं तर शेवटपर्यंत बोलायचं नव्हतं. खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं. दोन खोल्या बांधल्या असत्या, चार पावसाळे वर बसून पाणी बघितलं असतं. चार पावसाळे काय कमी असतात?"

दार जोरात लागलं नाही. नेहमीसारखं, हळूच लागलं.

कचेरीत तिला कुणी बोल लावला नाही. साहेबांनी बोलावून एवढंच म्हटलं, "तुम्हाला आता थोडं हलकं काम देऊ, बाई." तिला जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. इतिवृत्त वाचायला एक तरुण लिपिक आला. तो भराभर वाचायचा आणि कुणाला झोप यायची नाही. खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. आळीतली माणसं दाखल्यासाठी यायची, कागद आत सरकवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहायची. न्हाव्याची सून बाळंत झाली तेव्हा न्हावी स्वतः आला. त्यानं बाळाचं नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, दाखला घेतला आणि जाताना म्हणाला, "पत्ता तोच लिहिला ना?" ती म्हणाली, "तोच." तो मान हलवून गेला. तेवढं बोलणं तिला बरेच दिवस पुरलं.

पुढच्या पावसाळ्यात उधाण आणि नदीचा पूर एकाच दिवशी आले. पाणी कमरेच्या वर चढलं. आळीतलं कुणी बुडालं नाही, कारण निम्मी आळी तोवर रिकामी झाली होती. हे कुणी बोलून दाखवलं नाही आणि तिनंही मनात आणलं नाही. ज्यांनी घरं सोडली होती ती तिच्यामुळं की मुलांच्या कटकटीमुळं की नशिबानं, कोण सांगणार? पाणी ओसरल्यावर बाकीचेही निघाले. नगरपरिषदेनं टेकाडावर भाड्याच्या खोल्यांची सोय केली. तेवढी मात्र लवकर झाली.

वडिलांना तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. कोरडी, उजेडाची, भिंतींना ताजा चुना. त्यांनी सगळी खोली फिरून पाहिली आणि विचारलं, "पाणी कुठून येतं इथं?"

"इथं पाणी येत नाही, दादा. नळालाच येतं."

"बरं," ते म्हणाले.

पण त्यांना करायला काही उरलं नाही. सकाळी उठून ते न्हाणीत जाऊन जाळीकडं बघायचे, परत येऊन खिडकीशी बसायचे. ती कचेरीतून आली की विचारायचे, आज भरती कधी होती. ती सांगायची. मग विचारेनासे झाले. कोरड्या जागेत दादा वाळत गेले. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. थंडी संपता संपता एका दुपारी ते खुर्चीतच गेले. त्यांची नोंद तिनं स्वतःच्याच खिडकीत केली, कारण त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. परगावी असलेला धाकटा भाऊ आला, दोन दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "ताई, तू तरी किती करणार होतीस?" तिला त्याचा राग आला नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, ती काय करत होती आणि काय नाही ते.

आळी पाडायला उन्हाळ्यात घेतली. रिकामी घरं धोक्याची झाली होती, आणि धोरणाप्रमाणं ती जागा भरतीच्या पाण्याला मोकळी करून द्यायची होती. ज्यांची घरं त्यांनी येऊन ताबा द्यायचा. तिनं रजा टाकली आणि सकाळीच खाली उतरली.

गल्लीच्या तोंडाशी पाडकामाचं मशीन उभं होतं. मुकादम ओळखीचा, पगाराच्या दिवशी कचेरीत येऊन बसायचा. "बाई, काही राहिलंय का आत? बघून घ्या सावकाश. मी थांबतो."

"काही नाही राहिलेलं."

तरी ती आत गेली. दारं, खिडक्या काढून नेलेल्या. उजेड नको इतका आत येत होता. जमिनीवर सुकलेल्या गाळाचा पातळ थर होता, त्यावर कुत्र्याची पावलं. भिंतीवर पाणी चढलं होतं तिथवर रेघ. कोपऱ्यात एक झिजलेली केरसुणी पडली होती. ती तिची नव्हती. पाण्याबरोबर कुणाच्या तरी घरातून आलेली.

बाहेर शिवणबाईही आली होती, शेजारच्या घराचा ताबा द्यायला. मुलगा बरोबर नव्हता. मुकादमानं दिलेल्या कागदावर तिनं सही केली आणि सावलीत उभी राहिली. सुनावणीनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. वडील गेले तेव्हा शिवणबाई येऊन गेली होती, पण गर्दीत, सगळ्यांच्या मागं.

इतिवृत्तबाईनं पदर खोचला, केरसुणी उचलली आणि आतल्या खोलीपासून झाडायला सुरुवात केली. गाळ चिकटलेला होता, दोन-दोनदा हात फिरवावा लागत होता. धूळ उठली. मुकादम दारातून डोकावला. त्यानं मागं वळून मशीनवाल्याला इंजिन बंद करायची खूण केली. गल्लीत एकदम शांत झालं, फक्त झाडल्याचा आवाज.

माजघर झालं. स्वयंपाकघर झालं. मोरीचा कोपरा झाला. केर पुढं लोटत ती बाहेरच्या खोलीत आली आणि उंबऱ्याशी ढीग करून थांबली. केर भरायला काही नव्हतं. ती इकडंतिकडं बघू लागली.

शिवणबाई सावलीतून निघून आली. वाटेत पडलेला एक पत्र्याचा तुकडा तिनं उचलला, त्यावरची माती झटकली. ती उंबऱ्याशी उकिडवी बसली आणि तो पत्रा तिनं केराखाली तिरका करून दोन्ही हातांनी धरला.

"थोडा खाली," इतिवृत्तबाई म्हणाली.

शिवणबाईनं तो खाली टेकवला.